अंगणातला रंगखेळ आणि नंतरची आवराआवर

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. नाशिकच्या तुमच्या रो-हाउसला मागच्या बाजूस छोटे अंगण आहे, त्यात शहाबादी फरशी बसवलेली आहे, आणि मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तुम्ही रंगांच्या वाट्या, कोरे कागद आणि ब्रश असा सगळा सरंजाम मांडलात. तो जेमतेम पाच मिनिटे रमला, त्यातला बराचसा रंग त्याने चाटला, उरलेला भिंतीला फासला, आणि तुमची पुढची सगळी सकाळ घासण्यापुसण्यात गेली. बीट आणि पीठ असे खेळायला देणे सासूबाईंना अन्नाची नासाडी वाटते, शिवाय ओल्यात बसून बाळाला सर्दी होईल अशी त्यांना धास्ती आहे. रंगपंचमीचे उरलेले रंग किंवा घरातली रांगोळी वापरली तर चालेल का, असेही तुम्ही विचारले आहे. आणि शेवटी, काहीशा वैतागाने, ‘एवढे करून तो शिकतो तरी काय?’ असा प्रश्न केला आहे.

त्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर लक्षात आले की मांडामांड कशी असावी हेही आपोआप ठरते. साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास मूल खडू हाती आला की आपणहून रेघोट्या मारू लागते. दोन वर्षांच्या आसपास आपण ओढलेल्या रेघेची नक्कल करू पाहते. आणि समोरचा गोल पाहून गोल काढणे बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे जमते. तुमच्या मुलाच्या वयात हात अजून खांद्यातून फिरतो, मनगट आणि बोटे त्या मानाने कमी हलतात, ब्रश मुठीत धरला जातो आणि एकेक फटकारा हातभर लांबीचा असतो. हा फटकारा वहीएवढ्या कागदात मावणे शक्यच नव्हते, त्यामुळे तो कागदावरून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर गेला. आपण हात फिरवला की तिथे खूण उमटते, जोर दिला की ती जाड होते, दुसरा रंग वर आला की पहिला बदलतो, एवढे कळणे हेच त्याचे शिकणे आहे. चित्र म्हणून दाखवण्यासारखे काही हाती लागेल ही अपेक्षा निदान पुढचे वर्षभर बाजूला ठेवा, आणि त्याला मोठा पृष्ठभाग, जाड दांड्याचा ब्रश व कमी वस्तू द्या.

माझा पहिला सल्ला कदाचित तुम्हाला अगदीच फिका वाटेल: सुरुवातीचे काही आठवडे रंग देऊच नका, नुसते पाणी द्या. तुमच्याकडे शहाबादी फरशी आहे ही मोठीच सोय आहे, कारण चकचकीत टाइलवर पाण्याची रेघ धड दिसत नाही, पण शहाबादीची फिकट राखाडी फरशी ओली झाली की लगेच काळसर होते आणि रेघ ठसठशीत उमटते. हार्डवेअरच्या दुकानात भिंती रंगवण्यासाठी मिळणारा दोन इंची ब्रश आणि टमरेलात चार बोटे पाणी एवढे साहित्य पुरे. सकाळच्या उन्हात ही रेघ कडांकडून वाळत येते, मधला ओला पट्टा अरुंद होत जातो आणि बघता बघता नाहीसा होतो. मूल ब्रश हातात तसाच धरून त्याकडे टक लावून पाहते आणि मग त्याच जागी पुन्हा रेघ ओढते. हा खेळ मुले कितीही वेळा खेळतात. यात कपडे बिघडत नाहीत, भिंत बिघडत नाही, पाणी तोंडात गेले तरी बिघडत नाही (टमरेलात प्यायचेच पाणी घ्या), आणि ब्रश बुडवणे, निथळवणे व फिरवणे या तिन्ही गोष्टींचा हाताला सराव होतो. मात्र अंगणात पाण्याने भरलेली बादली अजिबात ठेवू नका. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, वाकून बादलीत तोंडावर पडले तर त्याला स्वतःला सावरता येत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. थोडेसे पाणीही त्याला पुरते. दारावर कोणी आले किंवा फोन वाजला तर मुलाला उचलून सोबत न्या.

पाण्याची गोडी लागली की मग लिबलिबीत रंगाकडे वळावे. त्यासाठी आपल्याकडे पूर्वी पतंग आणि आकाशकंदील चिकटवायला घरोघर जी खळ शिजवत, तीच उत्तम. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, त्यात एकूण दोन वाट्या होतील इतके पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. काही वेळाने दुधासारखे दिसणारे ते मिश्रण अचानक दाटते आणि पारदर्शक होऊ लागते. त्यानंतरही मिनिटभर शिजू द्या आणि मग उतरवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते, त्यामुळे कढईत किंचित पातळ वाटले तरी घाबरू नका. खळ शिजवण्याला कारण आहे. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि हा रंग तोंडात जाणार हे आपण धरूनच चाललो आहोत. ही खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, बाहेर उन्हाळ्यात दिवसभरही नाही, आणि आंबूस वास आला की टाकून द्यावी. टिकावी म्हणून तिच्यात मीठ घालायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका, कारण जास्त मीठ पोटात जाणे लहान मुलांना घातक ठरू शकते. बुकबाइंडर त्यांच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद मिसळतात. ते विष आहे, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातली किंवा छापखान्यातली तयार खळ मुलासाठी आणू नये.

रंग कशाचा करायचा याबाबत माझी थोडी आवडनिवड आहे, ती सांगते. बीटच्या साली उकळून गडद गुलाबी पाणी मिळते. पालक उकडल्यावर उरणारे पाणी फिकट हिरवे असते आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. निळ्या गोकर्णाची फुले कोमट पाण्यात टाकली की पाणी सुरेख निळे होते, आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की ते डोळ्यांदेखत जांभळे होते. हा प्रयोग मुलाला दाखवा, पण लिंबू तुमच्या हातात राहू द्या, कारण रस डोळ्यात गेला की झोंबतो. फाल्गुनात पळस फुलला की त्याची फुले रात्रभर पाण्यात भिजवून किंवा उकळून केशरी पिवळा रंग निघतो, आणि रंगपंचमीसाठी तो करण्याची रीत तर जुनीच आहे. हे सगळे सौम्य रंग आहेत, व्हिडिओत दिसतात तसे भडक नाहीत. भडकपणा हवाच असेल तर खाद्यरंगाचे दोन थेंब खळीत घाला. मात्र तो रंग वेष्टनात बंद असलेला आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेला असावा. सुट्या पुडीतल्या पिवळ्या रंगात मेटानिल यलोसारखा बंदी असलेला रंग असू शकतो.

हळदीचा मोह होईल, तोही जरा आवरावा. सुट्या हळदीत रंग उठावदार दिसावा म्हणून शिसेयुक्त भेसळ केल्याचे प्रकार आढळलेले आहेत, तेव्हा वापरायचीच तर घरी दळलेली किंवा खात्रीची हळद चिमूटभर वापरावी. तिचा डाग तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला साबण लागला की तो लालभडक होतो आणि धुणारी बाई घाबरते. साबणातल्या क्षारामुळे रंग असा बदलतो, डाग वाढलेला नसतो. तो कपडा पाण्यात खळखळून, ओलाच कडक उन्हात वाळत घातला की एकदोन दिवसांत बराच फिका पडतो. लाल मातीचा किंवा गेरूचा डाग मात्र लोहाचा असतो. तो उन्हाने उडत नाही आणि ब्लीचनेही जात नाही, म्हणून त्या दिवशी पांढरा किंवा चांगला कपडा अंगात नको.

आता काय वापरू नये ते. रंगपंचमीचे उरलेले रंग आणि गुलाल नकोत, कारण त्यात नेमके काय मिसळलेले असते हे पुडीवर सहसा लिहिलेले नसते आणि काहींत औद्योगिक रंगद्रव्ये असतात. बाजारची रांगोळी ही दगडाची भुकटी आहे. ती डोळ्यात आणि श्वासात जाते. त्याऐवजी तांदळाचे पीठ चिमटीने सोडायला द्या. मात्र ते आधी तव्यावर कोरडे भाजून घ्यावे. चुन्याला तर अंगणाच्या या खेळात मज्जावच करा. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा भिंतीचा चुना, दोन्हींनी डोळ्याला गंभीर इजा होते. चुकून गेलाच तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. माळ्यावर ऑइलपेंटचे जुने डबे असतील तर तेही खाली काढू नका. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भाग एवढ्यावर मर्यादित करणारा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यापूर्वीच्या डब्यात काय आहे याचा भरवसा धरता येत नाही. विकतचे बोटांनी लावायचे रंग घ्यायचे असतील तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या. खेळण्यांसाठी हे चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे आणि आयएस 9873 या मानकाचा सातवा भाग फिंगर पेंटसाठीच आहे. वेष्टनावर नुसते ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असले तर एवढेच समजावे की चुकून चाटल्याने अपाय होऊ नये. रंग खाण्याजोगा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पाने-फुले मुलाला स्वतः तोडू देता आली तर छानच, पण अंगणात कण्हेर, धोतरा किंवा रुई असेल तर त्यांना हात लावू देऊ नका. दारातल्या कुंडीतला शोभेचा डिफेनबेकियाही त्यातलाच. त्याचे पान चावले की तोंडाची आग होते. कुंडीतली माती खत आणि कीटकनाशक घातलेली असते, तीही नको.

रंग चाटण्याविषयी मात्र माझे मत बऱ्याच हौशी पालकांहून वेगळे आहे. दही, जेली किंवा साखरपाक यांत रंग घालून ‘खाल्ले तरी चालते’ असा रंग करण्याची सध्या चाल आहे. दह्याने अपाय होणार नाही हे खरे, पण रंग ही खायची वस्तू आहे असे मुलाच्या डोक्यात एकदा बसले की पुढे पोस्टर कलरच्या बाटलीपाशी त्याला थांबवणे अवघड जाते. म्हणून रंग पोटात गेला तरी चालेल असा असावा, पण चवीला बेचव असावा आणि जेवणाच्या वाटीत कधीही देऊ नये. नारळाच्या करवंट्या किंवा आइस्क्रीमचे जुने डबे त्याच कामाला बाजूला ठेवा. खेळाआधी त्याला पोटभर खायला घाला. तोंडाकडे हात गेला की ओरडू नका, हात हळूच फरशीकडे वळवा आणि ‘हा रंग फरशीला’ एवढेच म्हणा. पहिल्या एकदोन वेळा चव घेऊन बहुतेक मुले थांबतात. तुमचा मुलगा थांबला नाही तर रंग महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा पाण्याकडे या. नवा रंग पहिल्यांदा देण्याआधी तो मनगटाच्या आतल्या बाजूला लावून, दिवसभर पुरळ उठत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, असे मला वाटते. अन्नाशी खेळू नये हा संस्कार ज्यांच्या हाडीमाशी खिळलेला आहे, त्यांच्यासमोर बीट किसून फरशीवर ओतले तर त्यांना वाईट वाटणारच. म्हणून मी वर बीटच्या साली आणि पालकाचे पाणी सुचवले. जून भेंडी मधोमध कापली की तिचा फुलासारखा ठसा उमटतो. कांद्याच्या मुळाकडच्या चकतीत वर्तुळात वर्तुळे असतात. या गोष्टी एरवीही केराच्या टोपलीतच जातात. नारळाच्या शेंडीचा बांधून केलेला कुंचा विकतच्या ब्रशपेक्षा मुलाच्या मुठीत चांगला बसतो. तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या पालघरमध्ये वारली लोक घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्रे काढत आले आहेत. त्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, तेही माती, पाने, बिया, शिंपले अशा हाताशी असलेल्या साधनांवर. तेव्हा दुकानातून सरंजाम आणण्याची गरज नाही, आणि अन्नाची नासाडी नको हे सासूबाईंचे म्हणणेही बालशिक्षणाच्या विरोधात जाणारे मुळीच नाही. त्यांना बाजूला न बसवता कामात घ्या: पळसाची फुले किती उकळायची, खळ कधी उतरवायची हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक कळते. सर्दीबद्दल म्हणाल, तर ती विषाणूंमुळे होते, ओल्या फरशीमुळे नव्हे. तरी नाशिकची थंडी लक्षात घेता डिसेंबर-जानेवारीत दहानंतर, ऊन तापल्यावरच बसवावे, पाणी कोमट घ्यावे आणि ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत.

आवराआवरीचे तंत्र एवढेच, की शेवट कसा करायचा हे सुरू करण्यापूर्वी ठरलेले असावे. बाथरूममध्ये कोमट पाणी काढून ठेवा, दाराशी जुना टॉवेल पसरा, मुलाच्या हातापायांना खोबरेल तेल चोळा (रंगपंचमीला आपण लावतो ते याचसाठी), आणि त्याला चड्डीवर किंवा जुन्या गडद बनियनवर बसवा. एका वेळी एकच रंग, तोही दोन चमचे. संपला तर आणखी देता येतो, पण वाटीभर रंग सांडला तर परत भरता येत नाही. भिंतीला रंग लावायची त्याची हौस पुरवायची असेल तर जुनी चादर किंवा फ्रिजचा मोठा खोका भिंतीशी उभा करून द्या. उभ्या पृष्ठभागावर या वयाची मुले बैठ्यापेक्षा अधिक रमतात. वर्तमानपत्र पसरू नका, ओले झाले की त्याची शाई हाताला लागते. शहाबादी फरशी सच्छिद्र असल्याने हळद आणि खाद्यरंग तिच्यात मुरतात, तेव्हा त्या दिवशी खोका जमिनीवरही अंथरावा. खळ फरशीवर भयंकर निसरडी होते. मुलाला अनवाणी ठेवा, आणि तुम्हीही जपून वावरा. खेळ संपला की ओला फडका त्याच्याही हातात द्या. तो पुसण्यापेक्षा फासेलच जास्त, पण बहुतेक मुलांना हाही खेळच वाटतो, आणि त्यामुळे रंग काढून घेतल्याचा रडारडीचा प्रसंग टळतो.

तो पाच मिनिटांत उठला यात काहीही वावगे नाही. दोन वर्षांच्या मुलाने दहा मिनिटे एका जागी रमणे म्हणजे पुष्कळ झाले. तुमची तयारी एक तासाची आणि त्याचा खेळ पाच मिनिटांचा असेल तर तयारी कमी करा. शेजारी बसावे, पण सूचना देऊ नयेत. ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नये, कारण त्याने काहीच काढलेले नसते आणि आपल्या प्रश्नाला उत्तर म्हणून तो उगाच ‘गाडी’ म्हणतो. ‘केवढी लांब रेघ!’ एवढे पुरे. हाताला काही लागले की कसनुसे होणारीही मुले असतात. तुमचा मुलगा तसा दिसत नाही, पण उद्या तसे झाले तर बळजबरी न करता ब्रश द्यावा. जेवण, कपडे, वाळू अशा सगळ्याच स्पर्शांना तो नकार देऊ लागला तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

ऋतूप्रमाणे वेळ बदला. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत उरका, कारण नंतर फरशीच पाय भाजते. पावसाळ्यात एखादा उघडीपीचा तास साधून खडूने किंवा खळीने फरशी रंगवू द्या आणि मग दोघे दारात उभे राहून सर येऊन ती धुऊन नेते ते पाहा. आवरायचे कामही वाचते. फक्त ऑगस्टपर्यंत शहाबादीवर हिरवे शेवाळ धरते, ते आधी खराट्याने घासून काढा.